वितळलेले अकरा तुकडे

काशीच्या रामघाटावर कोणी मला विचारलं की तू काय करतेस, तर माझ्या आधी आईच उत्तर देते. "ती बर्फाची नोकरी करते," म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, बटाटे ठेवण्याच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजमध्ये असेल. आई त्याचा गैरसमज दूर करत नाही, आणि मीही ते पुष्कळ वर्षांपूर्वी सोडून दिलं. खरं म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोक पाडून आम्ही बर्फाचे लांब दांडके बाहेर काढतो. त्यांना आम्ही कोअर म्हणतो. दर वर्षी पडलेलं हिम आदल्या वर्षीच्या हिमावर बसत जातं, त्यामुळे जितकं खाली जावं तितका जुना काळ हाती लागतो. त्यावरून त्या त्या वर्षी थंडी किती होती, वारा कुठली धूळ घेऊन आला, हे कळतं. गेली वीस वर्षं मी हेच करते आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, आमच्याच गल्लीतल्या वेदपाठशाळेत शिकवत. आमचं घराणं काशीत येऊन दहा पिढ्या झाल्या असं ते सांगतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही. पुण्याहून तीर्थयात्रेला आलेले पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसत. अण्णा बारा महिने गंगेवर स्नानाला जात. पौषात धुकं इतकं दाट असे की समोरची नाव दिसायची नाही, फक्त वल्ह्याचा आवाज यायचा. त्यांचं कोरडं धोतर हातात धरून मी पायरीवर कुडकुडत उभी राहायची. ते पाण्यातून वर येत तेव्हा त्यांच्या खांद्यांवरून वाफ निघत असे. थंडीबद्दलचं माझं कुतूहल तिथलं असावं, पण हे मला आता वाटतं. तेव्हा फक्त लवकर घरी जायचं असे.

बर्फाकडे मी वळले ते एका चित्रामुळे. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत होते. एका प्राध्यापकांनी तासाला एक चित्र दाखवलं. कागदाइतका पातळ कापलेला बर्फाचा काप, दोन विशिष्ट काचांच्या मध्ये धरून घेतलेला फोटो. पांढरा बर्फ त्यात जांभळा, मोरपंखी, केशरी दिसत होता. प्रत्येक स्फटिकाचा रंग वेगळा. आमच्या शहरात रेशमाचे रंग काही कमी पाहायला मिळत नाहीत, पण मी वहीत काहीच उतरवून न घेता बसून राहिले. तास संपल्यावर सरांकडे गेले आणि हे कुठे शिकायला मिळतं असं विचारलं. त्यांनी दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या एका संस्थेचं नाव कागदावर लिहून दिलं. तिथे मी संशोधनाला गेले, आणि दुसऱ्याच वर्षी मोहिमेसाठी माझी निवड झाली.

नातेवाइकांना ते पसंत नव्हतं. मुलगी, एकटी, इतक्या लांब, वर जहाजावर चार महिने. काका-आत्यांनी आपापली मतं अण्णांना येऊन सांगितली. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला तीनच गोष्टी विचारल्या. बरोबर कोण आहे, खायला काय मिळेल, आणि परत कधी येणार. मी उत्तरं दिली. ते म्हणाले, "जा. पण आल्यावर मला सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."

केपटाऊनपर्यंत विमान आणि तिथून जहाज. पहिले सहा दिवस मी आडवीच होते. सातव्या दिवशी कोणी तरी मला हाताला धरून डेकवर नेलं. समोर पहिला हिमनग होता, काशीतल्या मणिकर्णिका घाटापासून राजघाटापर्यंत पसरेल एवढा, आणि त्याच्या पोटाशी निळा उजेड. पुढे बर्फावर तंबू ठोकून आम्ही पाच जण महिनाभर राहिलो. दिवसभर यंत्र फिरवायचं, दांडका वर काढायचा, मोजायचा, पुसायचा, पिशवीत घालून खूण करायची. बोटं बधिर होत. बोलणं कमी होत जाई. कुणाचं वाईट वाटून नाही, तोंड उघडलं की दात दुखत म्हणून. पण यंत्रातून पहिला अखंड दांडका बाहेर आला आणि मी तो दोन्ही हातांवर घेतला, तेव्हा तो इतका स्वच्छ होता की पलीकडचा माझा हातमोजा त्यातून दिसत होता. मला रडू आलं. रडणं तिथे परवडत नाही, पापण्या चिकटतात. पण आलं.

परत आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. ते रोज संध्याकाळी पाठशाळेतून येऊन ओट्यावर बसत आणि म्हणत, "हं, काल कुठे होतो आपण?" आई आत स्वयंपाक करत असायची. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, हे सांगितलं त्या दिवशी ते अस्वस्थ झाले. "मग संध्या कधी करायची?" त्यांनी विचारलं. मी हसले, पण ते हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी पोथ्या काढून पाहिल्या, पाठशाळेतल्या दुसऱ्या गुरुजींशी चर्चा केली, आणि तिसऱ्या दिवशी मला सांगितलं की घड्याळ लावून करावी, चालेल. मी काही संध्या करणार नव्हते. त्यांना प्रश्न सुटल्याचं समाधान होतं.

यानंतर जे घडलं ते सांगायला मला आजही जड जातं.

संस्थेत बर्फ ठेवण्यासाठी मोठी कोल्ड रूम होती, उणे वीस अंशांची. तिची देखभाल करणारे एक काका होते, पन्नाशीचे, कोंकणी बोलणारे, अबोल. मला कापण्यासाठी लागतील तेवढे तुकडे मी कोल्ड रूममधून काढून प्रयोगशाळेतल्या लहान डीप फ्रीझरमध्ये ठेवत असे. त्या दिवशी त्यात अकरा तुकडे होते, प्रत्येक अर्ध्या मीटरचा. माझ्या प्रबंधाचा मधला भाग त्यांच्यावर उभा राहायचा होता. दुसऱ्या दिवसापासून जोडून सुट्या होत्या. संध्याकाळी करवतीला वीज हवी होती आणि जवळचा पॉइंट एकच. मी फ्रीझरचा प्लग काढला, करवतीचा लावला. काम संपल्यावर करवत बंद करून निघून गेले.

सोमवारी सकाळी मीच पहिली आले. फ्रीझरखाली पाणी पसरलं होतं. झाकण उघडलं तर आत अकरा पिशव्या ढिल्या पडलेल्या. बर्फाचा तुकडा असतो तेव्हा कुठलं वर्ष कुठे आहे हे दाखवता येतं. आता प्रत्येक पिशवीत पाणी होतं आणि त्यातली वर्षं एकमेकांत मिसळून गेली होती.

मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर प्लग परत लावला. असं करायचं ठरवलं नव्हतं. हाताने केलं आणि मी पाहत राहिले. दहा मिनिटांनी बाकीचे आले तेव्हा फ्रीझर घरघरत होता. शनिवारी दुपारी शहरात वीज गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी तरी म्हणालं, लाइट गेल्यामुळे झालं असणार. मी गप्प राहिले. मग प्रश्न निघाला की सुट्टीत तापमान पाहायचं काम कोणाचं. काकांनी आपली वही आणली. मोठ्या कोल्ड रूमच्या नोंदी रोजच्या रोज होत्या. लहान फ्रीझरची नोंद ठेवायचा नियम नव्हता, पण जाता-येता ते पाहत असत. शनिवारी पाहिला होता का, असं त्यांना विचारलं. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नजरेतून सुटला असेल." त्यांच्याकडून लेखी खुलासा मागण्यात आला. मी आठ दिवसांची रजा टाकून घरी आले.

पूर नुकताच ओसरला होता. घाटांवर गुडघाभर गाळ बसला होता आणि माणसं पंप लावून पाण्याच्या धारेनं तो पुन्हा गंगेत ढकलत होती. घरी मी सांगितलं की काम बिघडलं, बर्फ वितळला, बहुधा संशोधन सोडेन. आईने काही न विचारता माझ्या आवडीचं थालीपीठ लावलं. अण्णांनीही दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्नानाला निघाले तेव्हा मी लहानपणीसारखी त्यांच्यामागे गेले. पंचगंगा घाटाच्या बाजूच्या पायऱ्या धुऊन झाल्या होत्या. त्यांचं स्नान झालं, आम्ही ओल्या दगडावर बसलो, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. प्लग काढल्याचं सांगितलं, परत लावल्याचं सांगितलं, काकांचंही सांगितलं.

मला वाटलं होतं, ते सत्यावर काही बोलतील. शास्त्रातलं काही काढतील. त्यांनी विचारलं, "ते गृहस्थ कुठले?"

मला नक्की माहीत नव्हतं.

"घरी कोण कोण आहे त्यांच्या?"

तेही माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्यांनी राखलेल्या थंडीत काम करत होते.

अण्णा पंचा पिळत होते. पिळून झाल्यावर त्यांनी तो झटकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल रात्री त्यांना जेवण गेलं असेल का गं?"

एवढंच. मग त्यांनी लोटा उचलला आणि पाठशाळेची वेळ झाली म्हणून ते वर निघून गेले.

आमच्या घरात तेव्हा मोबाइलला नेटवर्क मिळत नसे, घाटावर मिळे. मी तिथेच बसून माझ्या मार्गदर्शकांना फोन लावला. ते एरवी भरभर बोलणारे. त्या दिवशी त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "प्लग तू काढलास?" मी हो म्हटलं. "आणि परतही तूच लावलास?" मी पुन्हा हो म्हटलं. मग ते म्हणाले, "बर्फ वितळला, त्याचं काय करायचं ते आपण दोघं बघू. दुसरं जे केलंस, त्याचं तुला एकटीलाच बघावं लागेल." त्यांनी संशोधन सोडायची परवानगी दिली नाही. अकरा पिशव्यांतलं पाणी फेकू नये, बाटल्यांत भरून ठेवावं, असं ते प्रयोगशाळेत सांगणार होते.

रजा अर्धीच सोडून मी परत गेले. लेखी दिलं. काकांकडून मागितलेला खुलासा रद्द झाला. मग मी त्यांना शोधत गेले. जनरेटरच्या मागे एक पत्र्याची खोली होती, तिथे ते कसल्या तरी बिजागरीला ग्रीस लावत बसले होते. मी माफी मागितली. त्यांनी हात पुसले. रागावले असते तर सोपं झालं असतं.

ते म्हणाले, "मॅडम, मी रोज जाताना त्या फ्रीझरवर हात ठेवून बघतो. थरथर लागते का ते. शनिवारी ठेवला होता की नाही, हे मला आठवेना. इतके दिवस मी तेच आठवत होतो. घरी बायकोला म्हटलं, आता मला विसरायला व्हायला लागलंय."

मी त्यांची नोकरी धोक्यात घातली हे मला माहीत होतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा मी काढून घेतला होता, हे तिथे उभी राहिल्यावर कळलं.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. पुढचे काही महिने माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. चहाच्या वेळी मी आले की कप घेऊन बाहेर जात. मी त्यांच्यामागे लागले नाही. मात्र त्यांचं घर कुठे आहे, मुलगा काय शिकतो, बायकोचे गुडघे का दुखतात, हे हळूहळू इतरांकडून माहीत करून घेतलं. मग एका सकाळी प्रयोगशाळेत आले तर फ्रीझरच्या प्लगवर चिकटपट्टी लावलेली आणि त्यावर तीन भाषांत लिहिलेलं: काढू नये. मराठीतलं अक्षर फार सुंदर होतं. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मुलानं लिहिलंय." आणि त्या दिवशी ते कप घेऊन बाहेर गेले नाहीत.

अकरा बाटल्यांतल्या पाण्याची तपासणी झाली. त्यातून वर्षावर्षाचा हिशेब लागला नाही, पण त्या सगळ्या काळाची एक सरासरी मिळाली. प्रबंधात मी एक वाक्य लिहिलं की या खोलीवरचे नमुने संशोधकाच्या चुकीमुळे वितळले, म्हणून इथे केवळ सरासरी दिली आहे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्यावर बोट ठेवून कोणाची चूक असं विचारलं. माझी, मी म्हटलं. ते पान उलटून पुढे गेले.

चारेक वर्षांनी, तोवर दोन मोहिमा आणखी झाल्या होत्या, आई-अण्णा माझ्याकडे आले. काशी सोडून इतक्या लांब अण्णा कधी गेले नव्हते. त्यांना कोल्ड रूम पाहायची होती. मी नको म्हणत होते, त्यांचं वय झालं होतं. काकांनी मला बाजूला केलं. त्यांनी अण्णांच्या धोतरावरून जाड विजार चढवली, कोट घातला, टोपीचे बंद हनुवटीखाली स्वतः बांधले आणि हात धरून त्यांना आत नेलं. दोन मिनिटांनी दोघं बाहेर आले. अण्णांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पौषापेक्षा जास्त आहे, एवढं ते म्हणाले.

मग मी टाकाऊ तुकड्यांतला एक घेतला, कापताना उरलेला, शंभर मीटर खोलवरचा, आणि काचेच्या पेल्यात पाणी घालून त्यात सोडला. पेला अण्णांच्या कानाशी धरला. या बर्फात हवेचे बुडबुडे दाबून अडकलेले असतात. बर्फ वितळला की ते फुटतात. बारीक तडतड होते, फोडणीत मोहरी अगदी शेवटी तडतडते तशी. अण्णांनी डोळे मिटले. ते वेदांचा घनपाठ ऐकताना मिटत तसे.

"किती जुना?" त्यांनी विचारलं.

"बर्फ साडेतीनशे-चारशे वर्षांचा असेल. हवा त्याहून थोडी अलीकडची. वरची भोकं बुजायला वेळ लागतो, तोवर वरची हवा खाली जात-येत राहते."

त्यांनी मनाशी काही मोजलं. "म्हणजे आपली माणसं पैठणाहून काशीला निघाली तेव्हाची," ते म्हणाले. काकांनीही पेल्याला कान लावला. मग तो पेला आईकडे गेला. तिने ऐकलं, आणि बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पेला हातातच धरून बसली.

संध्याकाळी संस्थेच्या आवारात अण्णा आणि काका बाकावर बसून चहा पीत होते. काय बोलत होते मला माहीत नाही. एक काशीचं मराठी बोलणारा, एक कोंकणी. मी लांबून पाहिलं आणि जवळ गेले नाही.

काका त्यानंतर निवृत्त झाले. त्यांचा मुलगा आता पेडण्याला शिक्षक आहे. मी हळूहळू विद्यार्थ्यांना शिकवणारी झाले. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी कोल्ड रूम दाखवते आणि ती कोण सांभाळतं, त्यांचं नाव-गाव काय, हे विचारून यायला सांगते. मुलांना ते चमत्कारिक वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मोहिमेचं नेतृत्व मला देऊ केलं. अण्णा तेव्हा त्र्याऐंशीचे होते, घाटाच्या पायऱ्या उतरणं बंद झालं होतं, गंगेचं पाणी घरी आणून स्नान होत असे. मी नाही म्हणायचं ठरवून काशीला आले. त्यांना समजावलं की चार महिने फार होतात, मधेच परत येता येत नाही, काही झालं तर मी पोहोचणार नाही. अण्णांनी विचारलं, "तू इथे राहिलीस तर मला काही होणार नाही, असं आहे का?" मी मानेनंच नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग जा. मला तिथलं अजून ऐकायचं आहे."

मी गेले. जहाजावरून आठवड्यातून एकदा फोन होई. प्रत्येक वेळी पलीकडून आई उचले आणि पहिल्या वाक्यातच सांगे, "अण्णा ठीक आहेत." मग मी श्वास सोडत असे.

परत आले तेव्हा अण्णा होते. बारीक झाले होते, आवाज खोल गेला होता, पण ओट्यावर उशीला टेकून बसले होते आणि मला पाहताच हाताने बस म्हणून खूण केली. त्या संध्याकाळी मी सांगायला सुरुवात केली. वादळात तीन दिवस तंबूत अडकलो ते सांगितलं. यंत्राचं पातं मोडलं ते सांगितलं. किनाऱ्यालगत पूर्वी बर्फ होता तिथे उघडा खडक पाहिला, तेही सांगितलं. सांगता सांगता पाहिलं तर अण्णांची मान उशीवर कलली होती. त्यांना झोप लागली होती. श्वास एका लयीत चालला होता. मी थांबले.

"थांबलीस का?" आत चुलीपाशी नाही, माझ्या मागेच आई बसली होती. कधी येऊन बसली होती कोण जाणे. "सांग ना. मी ऐकते आहे."

मी वळून तिच्याकडे तोंड केलं. इतकी वर्षं सगळं तिने आतून ऐकलं होतं, फोडणीच्या आवाजात, भांड्यांच्या आवाजात, आणि कधी एक प्रश्न विचारला नव्हता. आता तिने पदर सारखा केला, अण्णांच्या अंगावर शाल ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मला हे सांग, तिथे बायकांची न्हाण्याधुण्याची सोय काय असते? इतक्या थंडीत तू केस कसे धूत होतीस?"

मी तिला सांगायला लागले.